चारशे रेघांचं लग्न

हे जग मुळात अगदी स्वच्छ आणि रेखीव तयार झालेलं आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठंतरी अंधूक होतं, अशी आमच्या दाजींची पक्की समजूत होती. हा वाटेतला अंधूकपणा पुसून काढायची जबाबदारी देवानं आपल्यावर टाकली आहे, असंही त्यांना वाटायचं. त्यामुळे त्यांनी आहे त्या चित्रावर, आहे त्या आवाजावर, इतकंच काय आहे त्या चहावरही कधी समाधान मानलं नाही. चहा ते दोनदा गाळायचे. एकदा अक्का गाळायची, आणि मग कपात आलेला चहा उजेडाकडे धरून ते पुन्हा गाळायचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती रामनगरला गेली तेव्हा मी शाळेत होतो, आणि नवऱ्याविषयी तिनं माहेरी आणलेली पहिली बातमी हीच होती, की माणूस चांगला आहे, पण चष्मा पुसायला लागला की जेवण गार होतं.

रामनगरच्या बाजारात दाजींचं दुकान होतं. खिळे, कंदील, बॅटऱ्या, छत्र्या, पावसात छपरावर घालायचे प्लास्टिकचे कागद, असा जंगलपट्टीतल्या माणसाला लागणारा सगळा माल तिथं मिळायचा. मिळायचा म्हणजे दाजींच्या परीक्षेतून पार पडला तर मिळायचा. बॅटरी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी मागच्या काळोख्या खोलीत न्यायचे, भिंतीला टेकवलेल्या खोक्यावर बॅटरीचा झोत टाकायचे आणि खोक्यावरच्या अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात का ते विचारायचे. एकदा अणशीकडचा एक म्हातारा शेतकरी असा त्या खोलीत सापडला. त्याला अक्षरओळख नव्हती. दाजींनी त्याला एका अक्षराचा काना दाखवला, त्याची वेलांटी दाखवली, आणि प्रकाश गोल पडतो की लांबट, यावर त्याचं मत मागितलं. म्हातारा बराच वेळ खोक्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला भातात शिरल्यालं डुक्कर दिसलं म्हंजे झालं." दाजींनी त्याला बॅटरी दिली, पण अशा माणसाला दिली याचं त्यांना आठवडाभर वाईट वाटत होतं.

टीव्ही आला तेव्हा तर अक्काच्या संसाराचं व्याकरणच बदललं. छपरावर कळकाची काठी, काठीवर अँटेना, आणि काठीच्या मुळाशी दाजी. खाली टीव्हीसमोर अक्का. आमच्याकडे चित्र कधी गोव्याकडून यायचं, कधी बेळगावाकडून, तर कधी दोन्हीकडून एकदम येऊन मधल्यामध्ये भांडायचं. दाजी वरून विचारायचे, "आलं?" अक्का खालून सांगायची, "आलं." मग काठी आणखी चांगलं चित्र शोधायला बोटभर फिरायची आणि अक्का म्हणायची, "गेलं." मी सुट्टीत गेलो की चार-चार दिवस नवराबायकोत या दोन शब्दांपलीकडे संभाषण ऐकलेलं नाही. पण ते भांडतही नव्हते. भांडण दाजींनी आयुष्यात एकच केलं, आणि ते सख्ख्या थोरल्या भावाशी.

त्याची हकीकत सांगायलाच हवी. दाजींचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, बाजारकुणंगला वडिलांचं भाताचं शेत करून होते. त्या वर्षी भर आषाढात वडील आजारी पडले. आजार साधा वाटत होता, म्हणून दाजी बंद पडलेल्या रेडिओचा एक वाल्व आणायला बेळगावला गेले. इकडे वडील गेले. ओढे भरून वाहत होते, निरोप पोचायला वेळ लागला, आणि दाजी धापा टाकत घरी आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. "माझ्यासाठी थांबला न्हाईस," एवढंच ते भावाला म्हणाले. अण्णाही दुखावलेले होते. बाराव्याला आलेल्या पाहुण्यांसमोर ते बोलून गेले, की बाप जात होता तेव्हा हा रेडिओचा आवाज साफ करत होता. त्यानंतर बारा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. बाजारकुणंगचा माणूस दुकानात आला की दाजी त्याला पाऊस कसा आहे विचारायचे, पीक कसं आहे विचारायचे, ओढ्यावरच्या साकवाची चौकशी करायचे, आणि ज्याच्याविषयी विचारायचं असायचं त्याचं नाव तेवढं घ्यायचे नाहीत.

दाजींच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा अक्कानं त्यांना परोपरीनं सांगितलं की स्वतः जाऊन थोरल्या भावजींना बोलवा. दाजींनी कार्ड पाठवलं. लग्न दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत मंडप घालून झालं, पाच-सहाशे माणूस जेवलं, आणि अण्णा आले नाहीत. मुलगी नवऱ्याबरोबर मस्कतला गेली, आणि मागे राहिली ती लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ती कॅसेट दाजी आठवड्यातून एकदा तरी लावायचे आणि दर वेळी जेवणाच्या पंगती संपता संपता म्हणायचे, "एवढं माणूस आलं, पोरीचा सख्खा काका तेवढा आला न्हाई." अक्का उठून आत जायची.

कॅसेट बघताना दाजींना दोन दुःखं एकदम व्हायची. एक हे, आणि दुसरं म्हणजे टीव्ही लहान. मुलीचं तोंड लिंबाएवढं दिसायचं. त्यामुळे दांडेलीतलं एक व्हिडिओ पार्लर बंद पडलं आणि तिथला प्रोजेक्टर विकायला काढला आहे असं कानावर आलं, तेव्हा दाजींनी दुकान बंद केलं आणि टेंपो केला. ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो एखादा लोखंडी पाटा-वरवंटाच वाटला. चौघांनी उचलावं असं धूड, आणि पुढे तीन डोळे, एक तांबडा, एक हिरवा, एक निळा. हे तीन डोळे भिंतीवर तीन वेगवेगळी चित्रं टाकतात आणि ती तंतोतंत एकावर एक बसली तरच माणूस माणसासारखा दिसतो, नाहीतर नवरदेवाला तीन नाकं येतात. ती बसवायला दाजींना दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा अक्का भिंतीशी उभी असायची आणि सांगत असायची, "तांबडं जरा खाली. हिरवं हललं. आता होतं ते बरं होतं."

भिंतीचं प्रकरण वेगळंच. मधल्या खोलीच्या भिंतीला दाजींनी चुन्याचे पाच हात दिले, शेवटच्या हातात नीळ घातली, आणि मग घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून तळहात फिरवून उंचवटे शोधले. भिंतीपासून किती अंतरावर बसायचं ते मोजून जमिनीवर खडूनं रेघ मारली. त्या रेघेच्या पुढे बसलेल्याला मागे घ्यायचे, मागे बसलेल्याला पुढे. यंत्राला पक्का काळोख लागायचा आणि वीज भरवशानं असायची ती दुपारी, म्हणून रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाटं आणि घोंगड्या लावून दाजी भर उन्हात रात्र करायचे. बाहेरून आलेला पाहुणा त्या खोलीत शिरला की आधी कुणाच्या तरी पायावर पडायचा. बरेच लोक त्याला आशीर्वादही देऊन टाकायचे.

आता चित्र मोठं झालं, म्हणजे भागायला हवं होतं. पण मोठं झाल्यावर दाजींना दिसलं की ते अंधूक आहे. मुलीचं तोंड परातीएवढं झालं खरं, पण नथीचे मोती मोजता येईनात. ते बेळगावच्या शूटिंगवाल्याकडे गेले. त्यानं सांगितलं की लग्न त्यानं सुपर कॅसेटवर घेतलं होतं आणि दाजींकडे आहे ती साध्या कॅसेटवर केलेली नक्कल. साध्या कॅसेटीत चित्राच्या अडीचशे रेघा येतात, सुपरमध्ये चारशे. मूळ कॅसेट अजून त्याच्याकडे होती, आणि ती पुसून पुढच्या महिन्यात तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न घ्यायचं त्याच्या मनात होतं. हे ऐकून दाजी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले ते कॅसेट हातात पडल्यावरच उठले. ती चालवायला लागणारा वेगळा व्हीसीआरही त्यांनी चार दिवसांच्या बोलीवर मागून घेतला आणि लोंढ्यापर्यंत आगगाडीत मांडीवर ठेवून आणला. शेजारी बसलेल्या बाईनं बाळ कितवं म्हणून विचारलं, असं दाजी सांगायचे. मला ते खरं वाटत नाही, पण त्यांनी तो कापडात गुंडाळला होता हे खरं.

रामनगरात दाजींच्या मताला विरोध करणारा माणूस एकच होता. निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं म्हणणं असं, की डोळा चित्र बघतो, रेघा मोजत नाही. अडीचशे काय आणि चारशे काय, एकदा गोष्ट सुरू झाली की माणूस गोष्टीत जातो. दाजींचं म्हणणं, की तुम्ही आयुष्यभर पत्ते वाचलेत आणि तरीही बोलता हे आश्चर्य आहे. चित्राच्या स्वच्छपणावरचा हा वाद दुकानाच्या पायरीवर वर्षभर आधीपासूनच चालला होता, आणि आता दोन्ही कॅसेटी हाताशी आल्यावर दाजींनी परीक्षाच ठेवली. त्या रविवारी मी मुद्दाम खानापूरहून आलो. दहा-बाराजण खडूच्या रेघेवर मांडी घालून बसले. कोणती कॅसेट चालू आहे हे सांगायचं नाही, आधी एक लावायची, मग दुसरी, आणि प्रत्येकानं कोणती चांगली ते सांगायचं.

निकाल ऐकताना दाजींचा चेहरा बघवेना. पोस्टमास्तर म्हणाले, काडीचा फरक नाही. शिंपीणकाकू म्हणाल्या, पहिली चांगली, तिच्यात त्या गोऱ्या दिसतात. पहिली साधी होती. आचाऱ्याचं म्हणणं पडलं की दुसरीत बुंदी जास्त मोकळी झालेली दिसते, पण ती त्याची होती म्हणून ते मत धरलं नाही. दोघांना पहिलीतली गाणी आवडली, कारण मूळ कॅसेटीत गाणी घातलेलीच नव्हती, नुसती भटजींची खोकल्यासकट मंगलाष्टकं होती. एकजण झोपला होता. उरलेल्यांनी आधी दाजींकडे बघितलं, मग पोस्टमास्तरांकडे, आणि घरी चहा कुणाचा प्यायचा आहे हे ध्यानात घेऊन दोन्ही छान आहेत असं सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी सुपर म्हणालो. खरं सांगायचं तर मी अंदाजानं बोललो होतो.

दाजी चिडले नाहीत. ते उठून भिंतीपाशी गेले आणि फूटपट्टी घेऊन शाळामास्तरासारखे शिकवू लागले. मंगलाष्टकं चालू असतानाचं चित्र होतं. कॅमेरा बोहल्यावरून वळून पाहुण्यांवर फिरत होता. सगळी माणसं पुढं नवरानवरीकडे बघत होती, मागं काय आहे ते बघणारा तेवढा एकटा कॅमेरा होता. दाजींनी चित्र थांबवलं. "हे बगा, साध्या कॅसेटीत हितं मंडपाचा खांब दिसत हुता. खांब आणि त्याला गुंडाळल्यालं कायतरी काळं. आता बगा, झालरीचा काठ दिसतोय. खांबाच्या बाजूला..." फूटपट्टी भिंतीला टेकलेलीच राहिली.

खांबाच्या बाजूला माणूस होता. काळी टोपी, काखेत छत्री, आणि डावा खांदा जरा उतरलेला. साध्या कॅसेटीत तो खांबाचाच भाग झाला होता. खोलीत कुणाला काही कळलं नाही. अक्का चहाचं तबक घेऊन दारात उभी होती, तिनं ते तसंच जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "थोरलं भावजी हाईत."

दाजींनी चित्र मागं नेलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा मागं नेलं. आम्ही सगळ्यांनी ते तीन-चार वेळा पाहिलं. अण्णा मंडपाच्या बाहेर, खांबाच्या आडोशाला उभे आहेत. भटजींचं सावधान होतं, सगळ्यांचे हात वर जातात, आणि अण्णाही मुठीतल्या अक्षता टाकतात. इतक्या लांबून, की त्या शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पाठीवर पडल्या असतील. मग ते छत्री उघडतात आणि चित्राच्या कडेतून निघून जातात. पोस्टमास्तर चष्मा काढून पुसत होते. ते हळूच म्हणाले की फरक आहे, मी माझं मत मागं घेतो. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जो विजय त्यांना वर्षभर हवा होता, तो मिळाला तेव्हा त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "पावणं, जरा बरोबर चला." कुठं, ते मी विचारलं नाही. जीप फाट्यापर्यंत गेली, पुढची वाट आम्ही चाललो. वाटेत दाजी झाडांवर बोलले, पाखरांवर बोलले, माझ्या चपलांवरही बोलले. अण्णा खळ्यात वाळत घातलेलं भात पायानं हलवत होते. आम्हाला बघून त्यांनी पाय थांबवला, आणि मग पुन्हा हलवायला लागले. दाजी खळ्याच्या कडेला उभे राहिले. बारा वर्षांनी काय बोलावं हे त्यांनी रात्रभर ठरवलं असणार, पण आयत्या वेळी सगळं पुसलं गेलं असावं.

"लग्नाला आला हुतास," ते म्हणाले.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मग जेवला का न्हाईस?"

अण्णा भात हलवतच राहिले. "तू बोलवायला आला न्हवतास. नुसतं कार्ड आलं हुतं. कार्डावर अक्षता टाकता येत्यात. जेवता येत न्हाई."

मग अण्णाच आपण होऊन बोलले, आणि ते लग्नाविषयी नव्हतं, वडिलांविषयी होतं. "आबाला दीड दिवस ठेवला हुता. तू येशील म्हणून. सगळी म्हणाली, आता न्हाई ठेवता येत. तेव्हा मग..." दाजींनी चष्मा काढला. तो पुसायलाच काढला असं मला आधी वाटलं, पण त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं न्हवतं." अण्णा म्हणाले, "तू इचारलं कुठं." इतकंच झालं. मग अण्णांच्या बायकोनं आतून जेवायला बोलावलं आणि दोघे भाऊ हातपाय धुवायला एकाच तांब्यासाठी थांबले.

पुढच्या रविवारी अण्णा रामनगरला आले, आणि व्हीसीआर परत करायची मुदत टळून गेली तरी दाजींनी तो ठेवून घेतला होता. अण्णांना खडूच्या रेघेवर बसवलं. दाजींनी दोन्ही कॅसेटी दाखवल्या आणि मोठ्या उत्सुकतेनं विचारलं की फरक कळतो का. अण्णा विचार करून म्हणाले, "एकीत मी दिसतोय, एकीत न्हाई. पण मी तर दोनी वेळंला हुतो." या वाक्यावर दाजी दिवसभर हसत होते. पुढे ते त्यांनी पोस्टमास्तरांना सांगितलं, शूटिंगवाल्याला सांगितलं, आणि मस्कतला पत्रात लिहून कळवलं.

त्यानंतर अण्णा दर रविवारी येऊ लागले. व्हीसीआर परत गेला, मग साध्या कॅसेटीच बघू लागले, आणि दाजींना त्याचं काही वाटेनासं झालं. मी एकदा गेलो तर भर दुपारच्या त्या काळोखात भिंतीवर कुठलातरी सिनेमा चालला होता आणि खडूच्या रेघेवर दोघे भाऊ एकमेकांना टेकून घोरत होते. मी बंद करायला गेलो, तर अक्कानं हातानं थांबवलं. आवाज थांबला की जागे होतात, म्हणाली. पुढल्या पावसाळ्यात दमटपणानं यंत्राचा हिरवा डोळा गेला. सुटा भाग कुठंच मिळेना. भिंतीवरची झाडं जांभळी झाली, माणसं गुलाबी. एरवी अशा वेळी दाजींनी मुंबई गाठली असती. त्यांनी यंत्रावर चादर घातली आणि रविवारी दोघांच्या खुर्च्या पडवीत काढल्या. तिथं बसून ते काय बोलायचे, मला माहीत नाही. बहुतेक काहीच बोलत नसावेत.

अशी चार वर्षं गेली आणि एका मार्गशीर्षात अण्णा गेले. दिवस झाल्यावर मी रामनगरला गेलो. दाजी पडवीत बसले होते. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हणालो की बेळगावहून तो व्हीसीआर पुन्हा आणू या, प्रोजेक्टर गेला तर गेला, टीव्हीवर लावू, सुपर कॅसेटीत अण्णा आहेत. अक्कानं मला चहा आणून दिला.

"त्यात तो नुसता उभा हाय, पावणं," दाजी म्हणाले. "न जेवता जातोय. नंतर चार वर्षं हितं बसून जेवला. भाताला आणखी आमटी मागायचा. ते कुणी शूटिंग केलं न्हाई."

समोरच्या रस्त्यावरून लोंढ्याकडे जाणारी बस गेली, तिच्या धुळीनं पडवी भरली, आणि ती खाली बसेपर्यंत दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग अक्का आतून म्हणाली की पानं वाढली आहेत, आणि आम्ही उठलो.